फडावर पोचलेला व्हिडिओ: गोवर-रुबेला मोहिमेतल्या एका शाळेचे प्रकरण

हे प्रकरण २०१८ सालच्या गोवर-रुबेला लसीकरण मोहिमेतले आहे. तेव्हा मी मराठवाड्याच्या डोंगरपट्ट्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होते. गाव, शाळा आणि माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि आमच्या चुका मात्र झाल्या तशाच ठेवल्या आहेत.

पार्श्वभूमी

गोवर आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. त्यामुळेच तो अनेकांना किरकोळ वाटतो. ‘अंगावर उठतं, आठ दिवसांत जातं,’ असे आज्या सांगतात. कुपोषित मुलाला त्याच गोवरातून न्यूमोनिया होतो, जुलाब लागतात, डोळा जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१८ या एका वर्षात जगभरात १ लाख ४० हजारांहून जास्त माणसे गोवराने गेली. त्यांत बहुतेक पाच वर्षांखालची मुले होती, आणि ती गरीब देशांतली होती. गोवराचा एक रुग्ण, लस न मिळालेल्या वस्तीत, १२ ते १८ जणांना आजार देऊ शकतो. म्हणून शंभरातल्या किमान ९५ मुलांना लस मिळाली तरच तो थांबतो. ऐंशीवर समाधान मानून चालत नाही.

रुबेला मात्र कोणालाच माहीत नव्हता. मुलाला झाला तर चार दिवसांचा ताप आणि पुरळ. तो गरोदर बाईला पहिल्या तीन महिन्यांत झाला तर बाळ बहिरे, मोतीबिंदू घेऊन किंवा हृदयात दोष घेऊन जन्मू शकते. दोन्ही आजारांवर एकच लस देण्याची मोहीम देशात फेब्रुवारी २०१७ मध्ये कर्नाटक, तमिळनाडू, गोवा, पुदुच्चेरी आणि लक्षद्वीप इथून सुरू झाली. देशभरातल्या ४१ कोटी मुलांपर्यंत पोचायचे होते. महाराष्ट्रात ती २७ नोव्हेंबर २०१८ ला सुरू झाली. ९ महिने ते १५ वर्षे वयाचे प्रत्येक मूल, आधी गोवराची लस घेतलेली असली तरी, पुन्हा टोचायचे होते.

ही तारीख आमच्यासाठी वाईट होती. त्या वर्षी ७ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन झाले आणि भाऊबीज उरकताच गावे रिकामी व्हायला लागली. आमचा तालुका ऊसतोड मजुरांचा. त्यातून दुष्काळ, राज्यातल्या १५१ तालुक्यांत तो ऑक्टोबरअखेर जाहीरच झाला होता. एरवी घरी थांबणारी जोडपीही त्या वर्षी कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, गेली. काही मुले आईबापाबरोबर गेली. उरलेली आजी-आजोबांकडे राहिली आणि शाळेच्या हंगामी वसतिगृहात जेवू लागली.

ज्या शाळेचे हे प्रकरण आहे तिच्या पटावर २१२ मुले होती, पहिली ते आठवी. त्यांतली १९ आईबापाबरोबर फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या शेतांकडे, गेलेली. गावात उरलेल्यांपैकी बरीच अशी, की संमतीपत्रावर सही करायला घरात आजीचा अंगठा तेवढा होता.

त्या दिवशी काय झाले

डिसेंबरचा पहिला आठवडा. सकाळी दहाला सत्र सुरू झाले. एका वर्गखोलीत आम्ही बसलो, बाहेर व्हरांड्यात रांग. एका कुपीत दहा मात्रा; पावडर द्रावणात मिसळली की चार तासांत वापरायची, उरली तर टाकून द्यायची. म्हणून एएनएम ताई, म्हणजे लस टोचणाऱ्या आमच्या परिचारिका, मुले भराभर पुढे घेत होत्या. डाव्या अंगठ्याच्या नखावर खूण, आणि मग मूल शेजारच्याच खोलीत अर्धा तास बसवायचे. दोन खोल्यांमधल्या दारातून सगळे सगळ्यांना दिसत होते.

पावणेबाराच्या सुमारास सातवीतली एक मुलगी बाकावरून घसरली. मी धावले. हात गार, कपाळाला घाम, ओठ पांढरे, नाडी मंद. अंगावर पित्त नव्हते, घसा घरघरत नव्हता. ॲलर्जीच्या तीव्र झटक्यात नाडी जलद आणि दुबळी लागते, अंगावर गांध्या येतात, श्वास अडतो. इथे तसे काही नव्हते. तिला सतरंजीवर आडवे केले, पाय दप्तरावर उंच ठेवले. तीन-चार मिनिटांत तिने डोळे उघडले आणि पहिला प्रश्न केला, “माझी चप्पल कुठंय?” सकाळपासून तिने काही खाल्ले नव्हते. खिचडी दुपारी मिळायची.

ती उठून बसेपर्यंत तिची मैत्रीण रडायला लागली, तिला मळमळले. मग तिसरी. मग रांगेतल्या दोघी, ज्यांना अजून सुई लागलीही नव्हती. वीस मिनिटांत ११ मुले सतरंजीवर होती. नऊ मुली, दोन मुलगे. मुख्याध्यापक सर घाबरून मोठ्याने बोलत होते, आज्या फाटकातून आत शिरत होत्या. मी १०८ ला फोन लावला.

इथे मी दोन निर्णय घेतले. ॲड्रिनॅलिन, म्हणजे ॲलर्जीच्या तीव्र झटक्यावरचे इंजेक्शन, द्यायचे नाही, हा पहिला. तो बरोबर होता आणि आजही मी तोच घेईन. अकराही मुलांना ग्रामीण रुग्णालयात न्यायचे, हा दुसरा. त्याच्याबद्दल पुढे बोलते.

त्या वेळी शाळेच्या भिंतीजवळ उभ्या असलेल्या एका तरुणाने मोबाईलवर चित्रण केले. सतरंजीवर आडवी मुले, रुग्णवाहिकेचा आवाज, एका आजीचा हंबरडा, सगळे मिळून चाळीसेक सेकंद. दुपारी चारपर्यंत ते आसपासच्या गावांत फिरले होते. संध्याकाळी त्याखाली मजकूर जोडला गेला: लस देताच मुले बेशुद्ध, एक मुलगी दगावली, ही लस परदेशी आहे आणि मुलींना पुढे मूल होऊ नये म्हणून दिली जाते.

रुग्णालयात अकराही मुलांनी संध्याकाळी पोहे खाल्ले. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी घरी होती.

अडचण नेमकी कुठे होती

पहिल्या रात्री मला वाटले, अडचण खोट्या बातमीची आहे. खरी बातमी दिली की संपेल.

दुसऱ्या दिवशी शाळेत ४० मुलेसुद्धा आली नाहीत. शेजारच्या तीन गावांनी सत्रे घ्यायला नकार दिला. आमच्या आशाताईला तिच्या स्वतःच्या जावेने घरात घेतले नाही. आणि आज्या एकच गोष्ट सांगत होत्या: “मुलाचा फोन आला होता. नगं म्हणला.”

व्हिडिओ फडावर पोचला होता. कुणी सातारा-सांगलीकडे, कुणी कर्नाटकात, दोनशे-तीनशे किलोमीटरवर कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, बसलेले आईबाप ते चाळीस सेकंद पुन्हा पुन्हा पाहत होते आणि त्यात आपले लेकरू शोधत होते. चित्र अंधूक, चेहरे अर्धवट. एक निळा गणवेश दुसऱ्या निळ्या गणवेशासारखाच दिसतो. त्यांच्याजवळ घरी जाऊन बघण्याची सोय नव्हती. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली; टोळीतून एक कोयता, म्हणजे एक जोडपे, निघाले तर त्याचा भार बाकीच्यांवर. फोन होता, पण त्यावर येत होते ते दुसऱ्याने पाठवलेले. त्यांना काही विचारायचे तर विचारायला समोर कोणी नव्हते.

असे जगात आधी झाले होते, हे मला तेव्हा वरवर माहीत होते. नीट वाचले ते नंतर. जॉर्डनमध्ये १९९८ साली शाळेत धनुर्वात-घटसर्पाची लस दिल्यावर ८०० हून जास्त मुलांना त्रास झाला आणि १२२ जणांना दवाखान्यात ठेवावे लागले. बहुतेकांचे कारण लसीत नव्हते. भीती एकाकडून दुसऱ्याकडे गेली होती. ही भीती खोटी नसते, मुले नाटक करत नसतात. चक्कर खरी, मळमळ खरी, गार पडलेले हात खरे. कोलंबियात एल कार्मेन दे बोलीव्हार या गावी २०१४ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस घेतलेल्या शेकडो मुली अशाच कोसळल्या आणि त्यांचे व्हिडिओ देशभर फिरले. तपासात लसीचा दोष आढळला नाही. तरीही २०१२ मध्ये पहिली मात्रा घेणाऱ्या मुली शंभरात ९८ होत्या, त्या २०१६ मध्ये १४ वर आल्या. एका गावातल्या घटनेने एक अख्खा कार्यक्रम खाली बसला.

नायजेरियातल्या कानो राज्याने २००३ मध्ये पोलिओची लस थांबवली, तेव्हाही वंध्यत्वाचीच अफवा होती. जवळपास वर्षभराने, जुलै २००४ मध्ये, इंडोनेशियात बनलेली लस आणून ती पुन्हा सुरू झाली. कारण तिथल्या लोकांना त्या देशावर विश्वास होता. तोवर तिथला विषाणू कित्येक देशांत पसरला होता.

आमच्या अफवेत वंध्यत्व कुठून आले, याचा मी शोध घेतला. उत्तर अवघड जागी सापडले. मोहिमेच्या आधी शाळेत माहिती दिली ती आम्हीच. त्यात गर्भातल्या बाळाला रुबेलापासून होणाऱ्या धोक्याबद्दल एक ओळ होती. ती ओळ बारा-तेरा वर्षांच्या मुलींच्या वर्गात वाचली गेली, पुढे कोणी काही समजावले नाही. ‘मग पोरांना कशाला?’ असे एका मुलाने विचारलेही होते. सर हसून पुढे गेले. त्या मुलींनी घरी जाऊन सांगितले, की ही सुई पोट राहण्याशी संबंधित आहे. अर्धे वाक्य आमचे होते, उरलेले अर्धे अफवेने पूर्ण केले.

समोरचे पर्याय

घटनेच्या रात्री वरून निरोप आला: कोणाशी काही बोलू नका, निवेदन जिल्ह्यावरून निघेल. ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निघाले. ‘सदर लस पूर्णतः सुरक्षित असून पालकांनी कोणत्याही अफवांवर विश्वास ठेवू नये,’ एवढाच त्याचा मथितार्थ. त्यात अकरा मुलांचा उल्लेख नव्हता. ज्यांनी मुले सतरंजीवर पाहिली होती त्यांना ‘काही झाले नाही’ असे ऐकू आले.

तिसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रात आम्ही बसलो: तालुक्याचे अधिकारी, मी, एएनएम ताई, दोन आशाताई, मुख्याध्यापक. चार सूचना पुढे आल्या.

व्हिडिओ काढणाऱ्यावर गुन्हा नोंदवावा, असे एकाने सुचवले. जुलैतच धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुले पळवण्याच्या अफवेवरून पाच निरपराध माणसांना जमावाने मारून टाकले होते. त्यामुळे अफवा म्हटले की पोलीस, हे समीकरण सगळ्यांच्या मनात ताजे होते. मी विरोध केला. त्या मुलाने जे दिसले ते टिपले होते. चित्र खरे होते, खोटा होता खालचा मजकूर, आणि तो त्याने लिहिलेला नव्हता. त्याला ठाण्यात बसवले असते तर गावाची खात्री पटली असती, की काहीतरी लपवायचे आहे.

दुसरी सूचना शाळेने दट्ट्या लावण्याची: लस घेतली नाही तर वर्गात बसू देऊ नका. मुख्याध्यापकांनी स्वतःच मान हलवून नकार दिला. हंगामी वसतिगृहातल्या मुलाला शाळेबाहेर काढायचे म्हणजे त्याचे जेवण बंद करायचे. पुढे जानेवारी २०१९ मध्ये दिल्लीत उच्च न्यायालयाने पालकांच्या संमतीच्या मुद्द्यावर शाळांमधली हीच मोहीम रोखली, तेव्हा मला सरांची ती मान आठवली.

तिसरी, आपणही एक व्हिडिओ बनवून सगळीकडे पाठवावा. हे करायचे ठरले, पण त्याने फार होईल असे मला वाटले नाही. डॉक्टरने पांढऱ्या कोटात ‘घाबरू नका’ म्हटले की माणूस अधिक घाबरतो.

चौथी सूचना थोरल्या आशाताईंची. त्या शेवटपर्यंत गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मॅडम, आपण आज्यांना समजावतोय. नाही म्हणणारे तर फडावर आहेत. त्यांना आपलं ऐकायचंच नाही, त्यांना लेकराचा आवाज ऐकायचाय.”

काय केले

शाळेच्या हजेरीपटावरून यादी काढली. गावात असलेली आणि लस बाकी असलेली १२२ मुले. त्यांतल्या ५८ जणांचे आईबाप फडावर, कुटुंबे ४१. नंबर अर्धेच मिळाले. बाकीचे मुकादमांकडून घेतले. दोन मुकादमांनी सहज दिले. एकाने आधी विचारले, “माणसं परत न्यायला तर नाही ना मागताय?”

फोन रात्री आठनंतर करायचे ठरले, कारण पहाटे चारला फडात शिरलेली माणसे त्याआधी कोपीवर येत नाहीत, आणि गाडी भरायची असली तर त्याहून उशीर होतो. बऱ्याच जणांचे फोन चार्जिंगला रस्त्याकडेच्या टपरीवर ठेवलेले असत. एका कुटुंबाला आम्ही सलग पाच रात्री फोन केला.

पहिला फोन मी स्वतः लावला. आरोग्य केंद्रातून बोलते, एवढे म्हणताच पलीकडून बाईचा आवाज आला, “पोरगी हाय ना?” मला क्षणभर कळले नाही. मग कळले, की ती विचारतेय पोरगी जिवंत आहे का. तिची मुलगी त्या अकरांत नव्हतीच. त्या दिवशी ती शाळेतच आली नव्हती. तीन रात्री ती बाई व्हिडिओतल्या एका निळ्या फ्रॉकला आपली लेक समजत होती. आजीने फोनवर सांगितले होते, की पोर बरी आहे. पण आजी आपल्याला घाबरवायचे नाही म्हणून खोटे बोलतेय, असे तिने धरले होते. मुलगी माझ्या शेजारी उभी होती. मी फोन तिच्या हातात दिला. ती म्हणाली, “आई, मला वहीचे दोन पानं कमी पडले,” आणि पलीकडे बाई रडायला लागली.

लसीचा विषय मी त्या फोनवर काढलाच नाही. दुसऱ्या दिवशी तिने आशाताईला उलट फोन केला आणि प्रश्न विचारले. सात-आठ प्रश्न, सगळे नेमके. आधी दिलीय मग परत का? ताप आला तर कोण बघणार? त्या पडलेल्या पोरींना नक्की काय झालं होतं?

तेव्हापासून आमची पद्धत ठरली. आधी मूल बोलेल, घरचे काय हवे ते बोलेल. मग आशाताई एवढेच म्हणतील, की काही विचारायचे असेल तर हा नंबर. लसीला होकार मागायचा नाही. दोन-तीन दिवसांनी, फोन आला किंवा नाही आला तरी, पुन्हा बोलायचे.

दुसरे काम संमतीपत्राचे. छापील कागदावर लस सुरक्षित आहे असे होते, काय होऊ शकते ते नव्हते. आम्ही मागच्या कोऱ्या बाजूवर हाताने मजकूर लिहून झेरॉक्स काढल्या. तो असा होता:

“सुई टोचल्यावर दंड दुखतो. काही मुलांना, जास्त करून मोठ्या मुलींना, भीतीने किंवा उपाशी असल्याने चक्कर येते. आडवे केले की थोड्या वेळात उतरते. सात ते बारा दिवसांनी शंभरातल्या पाच ते पंधरा मुलांना ताप येतो, काहींच्या अंगावर बारीक पुरळ उठते. दोन दिवसांत जाते. दहा लाखांत एखाद्या मुलाला जोराची ॲलर्जी येऊ शकते. तिच्यावरचे औषध आमच्याजवळ असते, म्हणूनच मुलाला अर्धा तास बसवून ठेवतो. आपल्या शाळेत ११ मुलांना चक्कर आली. सगळी बरी आहेत. मूल आजारी असेल तर आज लस नको, आम्ही परत येऊ.”

‘आपल्या शाळेत ११ मुलांना चक्कर आली’ ही ओळ ठेवावी का, यावर बराच वाद झाला. तालुक्याच्या अधिकाऱ्यांना ती नको होती. लेखी कबुली कशाला द्यायची, हे त्यांचे म्हणणे. मी म्हटले, गावाला ते माहीत आहेच. कागदाला माहीत नसेल तर खोटा कागद ठरेल. शेवटी ती ओळ राहिली. त्यांनी ती माझ्या जबाबदारीवर राहू दिली, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

व्हिडिओ काढणाऱ्या तरुणाला भेटायला मी आणि सर गेलो. तो त्या अकरांतल्या एकीचा चुलतभाऊ निघाला. “मॅडम, मी खोटं काय टाकलं?” हे त्याचे पहिले वाक्य. काहीच नाही, असे मी म्हणाले आणि ते खरे होते. तो गप्प झाला. चार दिवसांनी त्याने स्वतःहून अकरा जणांपैकी सात जणांचा कबड्डी खेळतानाचा व्हिडिओ टाकला, पहिल्या पडलेल्या मुलीला नाव विचारून. तो पहिल्याइतका फिरला नाही. पण फडावरच्या निदान काही कोप्यांत तो पोचला, कारण पुढच्या फोनांवर त्याचा उल्लेख यायला लागला.

एका आजोबांना लस परदेशी असल्याची शंका होती. त्यांना रिकामी कुपीच हातात दिली. चष्मा लावून त्यांनी नातवाकडून लेबल वाचून घेतले: सीरम इन्स्टिट्यूट, पुणे. जगातल्या कितीतरी गरीब देशांतली मुले गोवराच्या लसीसाठी याच पुण्याच्या कारखान्यावर अवलंबून आहेत, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी कुपी परत दिली आणि म्हणाले, “मग टोचा.”

शाळेतले सत्र पुन्हा घेतले ते दहा दिवसांनी. या वेळी आधी खिचडी, मग सुई. टोचायची खोली एका टोकाला, बसवायची दुसऱ्या टोकाला, मध्ये पडदा. एका वेळी पाचच मुले. मोठ्या मुलींना आधी घेतले, म्हणजे त्यांना वाट पाहत भीती साठवावी लागू नये. दोघींना चक्कर आली. दोघींना आडवे केले, कोणी ओरडले नाही, दहा मिनिटांत त्या उठल्या. बाकीच्यांपैकी कोणाला काही झाले नाही.

निष्पत्ती

घटनेच्या दिवशी सत्र थांबवले तेव्हा ७१ मुलांना लस मिळालेली होती. आमच्या भागात मोहिमेच्या फेऱ्या जानेवारीतही चालू होत्या. तोपर्यंत गावातल्या उरलेल्या १२२ पैकी १०९ जणांना दिली. १३ घरच्यांनी नाही म्हटले आणि ते नाहीच राहिले. आईबाप फडावर असलेल्या ५८ मुलांपैकी ५४ जणांची संमती फोनवरून आली. शेवटपर्यंत नकार देणारे जास्त करून गावातच राहणारे, स्वतःच्या डोळ्यांनी रुग्णवाहिका पाहिलेले पालक होते. याचे मला आश्चर्य वाटले आणि अजूनही वाटते.

आईबापाबरोबर गेलेल्या १९ मुलांची नावे आम्ही ते ज्या कारखान्यांच्या हद्दीत होते तिथल्या आरोग्य केंद्रांना कळवली. ७ जणांना लस दिल्याचे उत्तर आले. बाकीच्यांबद्दल काही आले नाही.

निर्णयांकडे मागे वळून पाहताना

सगळ्यांना रुग्णवाहिकेत घालण्याचा निर्णय मी अनेकदा तपासला. पहिली मुलगी आणि ज्या मुलाला दम्याचा जुना त्रास होता तो, हे दोघे न्यायलाच हवे होते. बाकीच्या नऊ जणांना सावलीत, एकमेकांपासून वेगळे, साखरपाणी देऊन आणि मी शेजारी बसून सांभाळता आले असते. रुग्णवाहिकेचा आवाज झाला नसता तर व्हिडिओत घबराट दिसली नसती. पण अकरापैकी एकाचे काही बिनसले असते तर? तिथे उभी असताना मला हाच प्रश्न दिसत होता. एकटा डॉक्टर असलेल्या केंद्रात हा निर्णय एका माणसावर पडू नये. ‘नाडी मंद, त्वचा गार, पित्त नाही: इथेच आडवे करा’ अशी यादी भिंतीवर असती आणि ती सरांनाही माहीत असती, तर मला अर्धा धीर मिळाला असता.

दुसरी गोष्ट वेळेची. पालकसभा आम्ही नोव्हेंबरच्या शेवटी घेतली. तेव्हा समोर आज्या बसल्या होत्या. दिवाळीआधी, माणसे गावात असताना ती घ्यायला हवी होती. मोहिमेची तारीख आमच्या हातात नव्हती, सभेची होती.

पहिल्या चोवीस तासांतल्या गप्प बसण्याबद्दल माझे मत आजही तेच आहे. पत्रकारांशी बोलू नका हे मला पटते. सहा जणांनी सहा गोष्टी सांगण्यापेक्षा एकाने सांगावे. पण पालक म्हणजे पत्रकार नव्हेत. त्याच संध्याकाळी मी रुग्णालयाच्या व्हरांड्यातून, पोहे खाणाऱ्या अकरा मुलांच्या हातात आमचेच फोन देऊन त्यांना आईबापाशी बोलायला लावले असते, तर त्या बाईच्या तीन रात्री वाचल्या असत्या. तेव्हा सुचले नाही. आदेश पाळण्यातच सगळे लक्ष होते.

थोरल्या आशाताई यावर माझ्याशी सहमत नाहीत. त्यांच्या मते फोन हा उशिराचा इलाज होता. फडावर जाणाऱ्या प्रत्येक टोळीबरोबर एक शिकलेली बाई असते, तिलाच आधी गाठायला हवे होते. पुढच्या वर्षी त्यांनी तेच केले. दसऱ्यानंतर एका वहीत टोळ्या, मुकादम, कारखाना आणि प्रत्येक टोळीतल्या एका बाईचा नंबर, अशी यादी त्यांनी स्वतः तयार केली. त्यासाठी त्यांना कोणी सांगितले नव्हते आणि त्याचे पैसेही मिळाले नाहीत.

पाडव्यानंतर माणसे परतू लागली तेव्हा फडावर गेलेल्यांपैकी ज्यांच्याबद्दल उत्तर आले नव्हते त्या १२ मुलांची कार्डे आम्ही तपासली. तिघांना तिकडे लस मिळालेली होती, फक्त आम्हाला कळवले गेले नव्हते. नऊ जणांना नव्हती. तोवर मोहीम संपली होती. नेहमीच्या लसीकरणात ही लस पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना देता येते, आणि ही सगळी शाळेत जाणारी, सहाच्या वरची. मी विचारणा केली, नियम सांगितला गेला. त्यांतल्या एका मुलाचा बाप कार्ड हातात धरून उभा होता. तो म्हणाला, “तेव्हा मी नगं म्हणलं नव्हतं, मॅडम. तिथं कुणी आलंच नाही.”